कडंनं धरा, सर

लॅपटॉप उघडण्यापूर्वी ते खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावत आणि समोरच्यालाही लावायला सांगत. "अंगातली वीज उतरू द्या. रॅमला एवढीशी बी सोसत नाय."

हर्सूलच्या रस्त्यावर त्यांचे लॅपटॉप दुरुस्तीचे छोटे दुकान होते. घर मेंढपाळांचे, वडिलांमागे मेंढरे हिंडवत ते शिकले होते. दुरुस्ती करणारे गिऱ्हाइकाला काउंटरपलीकडेच उभे ठेवतात, हे तुम्हीही पाहिले असेल. हे मात्र स्क्रूड्रायव्हर सरळ आपल्या हातात देत. माझ्या लॅपटॉपची जुनी रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, त्यांनी माझ्याकडूनच काढवली आणि नवी पट्टी पुढे केली.

"कडंनं धरा, सर. सोनेरी दातांना बोट नको. आता तिरपी सरकवा, मग खाली दाबा."

"मोडली तर?"

"पोरांचे कान पिळताना लावायचात तेवढा जोर लावू नका, म्हंजी झालं."

दोन्ही बाजूंचे चिमटे टक्‌कन बसले आणि मला परीक्षेत पास झाल्यासारखे वाटले. आयुष्यभर शिकवूनही इतका नेमका पाठ मी क्वचितच घेतला असेल. पुढे मी काम नसतानाही तिथे जाऊन बसू लागलो.

एका सकाळी एक मुलगी धापा टाकत आली. दुपारी तिची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती आणि लॅपटॉपचा पडदा काळाच राहत होता. लॅपटॉप उघडून झाल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे पट्टी तिच्यापुढे धरली.

"काका, मला नाही जमणार. प्लीज, तुम्हीच बसवा ना!"

त्यांनी पट्टी खाचेजवळ नेली. ती कडेवर टकटक आपटू लागली. हात थरथरत होता. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरले, तोही थरथरला. गिऱ्हाइकांना शिकवण्यामागचे कारण मला तेव्हा कळले.

"ताई, बसा," मी वर्गातल्या आवाजात म्हणालो. "इथे ज्याची त्यानेच बसवायची. तसा नियम आहे."

तिने बसवली. पडदा उजळला. ती गेल्यावर ते म्हणाले, "वरीस झालं, सर. औषध चालू हाय. पण आता लपत नाय."

महिनाअखेरीस त्यांनी दुकान आवरले. शटरवर लावायचा कागद माझ्याकडून लिहून घेतला. मी 'काही कारणास्तव' असे लिहू लागताच त्यांनी अडवले.

"कारण लिहा. हात कापतो म्हणून बंद. लई जणांपुढं शिकवायचं सोंग केलं."

"शिकले ते सगळे, हे तर खरे ना?"

"व्हय. पण लिहा."

मी ठळक अक्षरांत लिहिले. कागद त्यांनी स्वतः चिकटवला. तो तिरका लागला. फळ्यावरची ओळ जरा कलली तरी पुसून पुन्हा लिहिणारा मी. पण त्या कागदाला हात लावला नाही.