सरांना विचारायचं ठेवलंय

तिचा फोन सकाळच्या चहाच्या सुमाराला यायचा. ती एका साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात, मी नगरला त्या कारखान्याचा डेटाबेस सांभाळणाऱ्या छोट्याशा कंपनीत.

"सर, ऊसतोडीच्या टोळ्यांची गावं कुठल्या टेबलात आहेत हो?"

"थांबा हं मॅडम, बघावं लागेल," मी म्हणायचो. बघायचं काही नसायचं, टेबल म्हणजे डेटाबेसमधला माहितीचा तक्ता, आणि तो मला पाठ होता. पण ती थांबायची. मागून रांगेतल्या ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू यायची आणि मी उगाच कीबोर्ड बडवत बसायचो.

"आणखी जोरात बडव, तिकडं ऐकू गेलं नसेल," शेजारच्या खुर्चीवरचा मित्र म्हणायचा.

दोष टेबलांचा होता. आमच्या आधी कुणीतरी त्यांना अशी नावं देऊन ठेवली होती, की टेबलाचं नाव वाचतोय की ट्रॉलीची नंबर प्लेट, ते कळू नये. कुठल्या टेबलात काय आहे याची नोंद डेटाबेस स्वतःजवळ ठेवत असतो, पण ती त्याच्याच भाषेत. शेतकी ऑफिसातल्या माणसानं त्यात डोकावलं तर तो घाबरून परत यायचा. तो घाबरला की मला फोन. म्हणजे सगळं कसं छान चाललं होतं.

मग एका हंगामात ती म्हणाली, "सारखं तुम्हाला विचारायचं बरं नाही वाटत. डेटाबेसलाच विचारता येईल असं काहीतरी करा ना."

शहाण्यानं हे काम जन्मभर लांबवलं असतं. मला छाप पाडायची होती. मी त्याच संध्याकाळी बसलो आणि सकाळी तिला सांगितलं, "हे बटण दाबा, सगळं कळेल."

सगळंच कळलं. कारखान्याच्या टेबलांबरोबर डेटाबेसची स्वतःची आतली टेबलंही येतात, ती गाळायला हवीत, हे मी साफ विसरलो होतो. तिनं टोळी विचारली आणि प्रिंटरनं डेटाबेसची आतडी बाहेर काढली. कागदाचा अख्खा गठ्ठा संपला.

"सर, तुमचं उत्तर कँटीनला दिलं," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. "भजी बांधून आली त्यातून. जरा तेलकट होतं, पण आवडलं."

त्या 'आवडलं'वर मी चार दिवस काढले.

मग मात्र नीट केलं. 'कुठं काय' नावाची एक खिडकी बनवली. तिच्यात 'ट्रॅक्टर' लिहिलं की ट्रॅक्टरशी संबंधित टेबलं आणि त्यांचे रकाने समोर यायचे, प्रत्येकापुढं साध्या मराठीत वर्णन. वर्णनात भर घालायची मुभाही तिला दिली.

"सर, किती सोपं केलंत! आता तुम्हाला काही त्रास नाही."

आणि फोन बंद झाला.

"स्वतःच्या हातानं वायर कापलीस की रे," मित्र म्हणाला.

मी एक डाव टाकला. गाड्यांच्या टेबलात एक आडवळणाचा रकाना होता, कशाचा ते फक्त मलाच माहीत. त्याचं वर्णन मी पुसलं. कधीतरी अडेल, तेव्हा करेल फोन.

वाट बघता बघता मला दुसरीच सवय लागली. तपासणीच्या नावाखाली मी रोज 'कुठं काय' उघडून तिनं लिहिलेली वर्णनं वाचू लागलो. 'ही वेळ गाडी वजनकाट्यावर आल्याची. रांगेत किती थांबली ते गाडीवानाला विचारा, वर शिव्याही मिळतील.' टोळ्यांच्या टेबलात होतं, 'इथं गाव लिहायचं, तालुका नाही. पाथर्डीची माणसं नुसतं पाथर्डी लिहून मोकळी होतात.' मी पाथर्डीचा. हे तिला माहीत होतं. ते वाक्य मी किती वेळा उघडलं, ते मित्राला कधीच कळू दिलं नाही.

शेवटी मीच फोन केला.

"सिस्टीम नीट चालतेय ना?"

"एकदम छान, सर. काही अडतच नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही हो."

मागं ट्रॅक्टरवरचं गाणं चालू होतं. ते संपेपर्यंत दोघंही फोन धरून राहिलो. मग तिनं फोन ठेवला.

पुढच्या हंगामाला फोन केला तर एका पुरुषानं उचलला. मॅडमना जामखेडला दुसरी नोकरी लागली, गेल्या त्या, म्हणाला. नंबर मागायला तोंड उघडलं, पण कारण काय सांगणार? ती नेहमी ऑफिसच्याच फोनवरून बोलायची. "सिस्टीम नीट आहे ना?" विचारून मी फोन ठेवला.

मग 'कुठं काय' उघडलं आणि 'गाडी' लिहिलं. मी रिकामा केलेला रकाना आता रिकामा नव्हता. तिथं तिनं लिहिलं होतं, 'हे सरांना विचारायचं ठेवलंय.'

खरं वर्णन लिहायला मला मिनिटही लागणार नाही. नवीन क्लार्कला त्याची गरज पडलेली नाही, आणि मी ते लिहिलेलं नाही. हंगाम सुरू झाला की चहाच्या सुमाराला 'गाडी' टाकतो. लगेच सापडतं, शोधावं लागत नाही. तशी सोयच करून ठेवली आहे मी.