कडब्याची गंजी आणि जमादाराची लाठी

ती घटना आठवली की आजही मी एकटाच हसत बसतो, आणि घरात लगेच कुजबुज सुरू होते की म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. नाव मी कोणाचंच सांगणार नाही, गावाचंही नाही. संग्रामपूरच्या बाजूचं, उत्तरेला सातपुडा निळा दिसतो अशा काळ्या मातीतलं गाव, एवढं पुरे. महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं आणि मीही नवा फौजदार म्हणून त्या भागातल्या ठाण्यात रुजू झालो होतो. अंगात रग होती. त्यात दारूबंदीच्या केसेस वाढवा म्हणून वरून सारखा तगादा.

खबर आणली एका बांगड्या विकणाऱ्याने. गावोगाव बायकांच्या घोळक्यात बसणारा माणूस, त्यामुळे त्याच्या कानावर आली नाही अशी गोष्ट त्या भागात घडतच नसे. तो म्हणाला, त्या गावात भर चौकात कडब्याची गंजी उभी राहिली आहे. आता कडबा माणूस खळ्यात रचतो, गोठ्याशेजारी रचतो. चौकात येणाऱ्याजाणाऱ्याची वाट अडवून कोण रचतं? शिवाय गंजीवर पहारा होता. हा बिचारा बिडी ओढायला तिच्या सावलीत टेकला, तर चार माणसांनी त्याला उठवून थेट वेशीबाहेर काढलं. मी टेबलावर थाप मारली. कडब्याखाली पिंपं आणि पिंपांत मोहाची दारू, दुसरं असणार काय?

स्टेशन डायरीला नोंद केली, जमादार आणि दोन शिपाई बरोबर घेतले आणि सायकली काढल्या. जमादार वयाने थोराड, अंगाने त्याहून थोराड. त्याची लाठी त्याला बायकोपेक्षा जवळची आहे असं आम्ही त्याला चिडवायचो. तोही कधी नाही म्हणाला नाही.

गावाने आमचं असं स्वागत केलं की मला तिथेच शंका आली. पोलीस दिसल्यावर हसणारं गाव मी तोवर पाहिलं नव्हतं. चावडीत सतरंजी पसरली गेली, चहा आला, आणि चहा फक्कड होता. पण गावात शिरताना घरांकडे बघायची पोलिसाला सवय असते. पाच-सहा घरांना कवाडंच नव्हती, नुसत्या चौकटींना गोधड्या लटकवलेल्या. भुरट्या चोऱ्यांनी आम्हाला हैराण केलेल्या मुलखात बिनदाराचं घर? विचारलं तर एक म्हणाला उकाडा होतो, दुसरा म्हणाला वाळवी लागली.

मग एकेकाला वेगळं घेऊन चौकशी सुरू केली. गंजी कोणाची, एवढा साधा प्रश्न. सरपंच म्हणाला, गावाची. पाटील म्हणाला, देवस्थानाची. कोतवाल म्हणाला, खाली नाग आहे म्हणून झाकून ठेवलंय. सरपंचाची आई, दात पडलेली पण जीभ शाबूत असलेली म्हातारी, म्हणाली की खाली देवी निघाली आहे. मी विचारलं, "आजी, नाग की देवी?" ती डोळासुद्धा न लववता म्हणाली, "देवीवर नाग बसेल हाय."

माझा अनुभव असा आहे की एकटा माणूस खोटं बोलायचं ठरवतो तेव्हा पाठ करून येतो. अख्खं गाव खोटं बोलायला बसलं की प्रत्येकजण हौसेने आपली भर घालतो. मी आवाज चढवला, सगळ्यांना ठाण्यात नेऊन बसवतो म्हणालो. तेव्हा सरपंच हात जोडून पुढे आला.

"साहेब, परवा या. परवा मी सोताच ठाण्यात येऊन बसतो. पण आज-उद्या त्या गंजीले हात लावू नका."

आज-उद्या काय आहे ते मात्र सांगेना. माझं डोकं सटकलं. जमादाराला म्हणालो, खुपस लाठी. जमादाराने गंजीत लाठी खुपसली. ती गेली. आणखी गेली. खांद्यापर्यंत हात आत गेला आणि एकाएकी लाठी त्याच्या हातातून सुटली. क्षणभर काहीच नाही. मग खोल कुठूनतरी आवाज आला, डुबुक.

पिंपात पडलेल्या लाठीला पोचायला इतका वेळ लागत नाही, हे माझ्यासारख्या नवख्यालाही कळलं. शिपायांना पेंढ्या उपसायला लावल्या. कडब्याखाली निघाली गावाची हरवलेली कवाडं, एकाला एक लावून पसरलेली, आणि कवाडांखाली चांगली बांधीव, खाली भरपूर पाणी असलेली विहीर. दोन फळ्यांमधल्या फटीतून लाठी खाली गेली होती. जमादार काठावर बसून आत असा बघत होता की घरातलं माणूसच पडलंय.

मी आयुष्यात लपवलेली दारू पकडली, चोरीचे बैल पकडले, पेरूच्या बागेत पुरलेले दागिने काढले. पण गावाने आपलीच विहीर लपवलेली मी पहिल्यांदाच बघत होतो. दंड विधानात चोरी आहे, दरोडा आहे, स्वतःची विहीर झाकायला कलम नाही. मी सरळ विचारलं, "काऊन?" 'का'साठी माझ्या तोंडून वऱ्हाडी शब्द ऐकून की काय, सरपंच सगळं बोलून गेला.

तो सगळा खारपाणपट्टा. विहीर भरलेली, पण पाणी खारट. साबणाला फेस नाही, चहात टाकलेलं दूध फाटतं. गोड पाण्यासाठी बायका डोंगराच्या अंगाच्या नाल्यावर जाणार आणि डोक्यावर घागरी घेऊन येणार. आम्ही प्यालेला चहा त्या घागरींतलाच. सरकारने पंचवार्षिक योजनेत नळाचं पाणी द्यायचं ठरवलं होतं, पण निधी थोडा, गावं पुष्कळ, म्हणून जिथे विहीरच नाही ती गावं आधी. योजनेच्या कचेरीचे लोक दोनदा येऊन विहीर बघून, पाणी भरपूर आहे असं लिहून गेले होते. तिसरी आणि शेवटची पाहणी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. या वेळी येणार होता नवा इंजिनिअर, आणि त्याला विहीर दिसलीच नाही तर तो 'विहीर नाही' असं लिहील, हा गावाचा हिशेब.

मग म्हातारीने घरातलंही सांगितलं. तिची नातसून, म्हणजे सरपंचाची सून, तान्हं पोर घेऊन माहेरी गेली होती. गावात गोड पाणी येईल तेव्हाच येईन, असा निरोप होता. सरपंचाचा मुलगा दोनदा आणायला गेला आणि दोनदा हात हलवत आला. म्हणून सगळ्यात आधी कवाड निघालं ते सरपंचाच्या घराचं.

नुसत्या फळ्यांवर कडबा रचलेला; एखादं पोर त्यावर चढलं असतं तर? मी विहीर उघडी करायला लावली. सरपंच एवढंच म्हणाला, "झालं साहेब. तुमी आमचं पाणी तोडलं." मला राग आला, आणि खरं सांगायचं तर वाईटही वाटलं. म्हातारीने गडव्यात विहिरीचं पाणी आणून माझ्यासमोर धरलं. "पेऊन पाहा, मंग घाला बेड्या." मी एक घोट घेतला. दुसरा घेतला नाही.

ठाण्यात परतल्यावर प्रश्न पडला, छाप्याचं काय लिहायचं? दारूच्या संशयावरून गेलो, विहीर सापडली, पंचनामा अर्धाच राहिला. पंच म्हणून गावातली माणसं चालणार नव्हती. ती सगळी नाग आणि देवीवाली. पंच बाहेरचे हवेत, प्रतिष्ठित हवेत. आणि असे प्रतिष्ठित गृहस्थ सकाळी आपणहून गावात येणार होते.

दुसऱ्या दिवशी मी आधीच जाऊन चौकात उभा राहिलो. जमादाराला वाटलं आपण लाठीसाठी आलोय, आणि त्याने खरोखरच कोणाकडून तरी बादल्या काढायचा गळ मिळवला. इंजिनिअर साहेब आले ते खामगावहून पाण्याची सुरई बरोबर घेऊन. विहीर बघितली, समाधान पावले, लिहायला लागले. मी म्हणालो, "पाणी चाखून बघा, साहेब." ते म्हणाले, "विहीर आहे की नाही, एवढंच आमच्या तक्त्यात विचारलंय."

मग मी टोपी नीट केली आणि सांगितलं की इथे दारूबंदीची कारवाई चालू आहे, विहिरीत संशयित द्रव आहे, आणि पंच म्हणून त्यांनी मदत करणं हे नागरिक या नात्याने त्यांचं कर्तव्य आहे. साहेब गोंधळले, पण खाकीपुढे माणूस सहसा वाद घालत नाही. वास घेतला, मग चांगला मोठा घोट घेतला. माझ्या पंचनाम्यातलं वाक्य मला आजही पाठ आहे: पंच क्रमांक एक यांनी चव घेताच द्रव थुंकून टाकला; द्रव दारू नाही, तसेच माणसाने पिण्यालायक नाही. खाली त्यांची सही.

सही करून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. "फौजदार, तुम्ही मला पकडलंत."

"नाही साहेब, पंच केलं."

मनाने माणूस चांगला होता. आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग हसत सुटला, आणि तक्त्यावर आडवं लिहिलं: विहीर आहे, उपयोगाची नाही. गाव यादीत आलं. गळाला लाठीही आली.

इंजिनिअर थुंकला ही बातमी बांगड्यावाल्याने सुनेच्या माहेरी पोचवली आणि सून महिन्याभरात परत आली. पाण्याला मात्र अशी घाई नव्हती. आधी मोजणी, मग अंदाजपत्रक, मग निधी दुष्काळाकडे वळला, मग पाइप आले तर पंप नाही. सुनेचं तान्हं पोर शाळेत जायला लागलं तोवर माझ्या दोन बदल्या झाल्या होत्या. त्या छाप्याने माझी बढती काही झाली नाही, विहीरवाला फौजदार हे नाव तेवढं चिकटलं. पण एक शिकलो. संशयिताला 'आहे की नाही' विचारून भागत नाही, 'कसं आहे' हेही विचारावं लागतं. पुढे कितीतरी केसेस मला त्या दुसऱ्या प्रश्नाने सोडवून दिल्या.

नळ सुरू होणार म्हणून सरपंचाने मला आवर्जून बोलावलं. मांडव, हार, भाषणं. मोठ्या साहेबांनी तोटी फिरवली, टाळ्या पडल्या. सुनेने पहिली घागर भरली आणि कोणाकडे न बघता ती घरी निघून गेली. म्हातारी माझ्याजवळच बसली होती. मी विचारलं, गेली कुठे?

"वरन टाकाले," ती म्हणाली. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ दिवसभर उकळली तरी दाणा मऊ होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

भाषणं लांबली. मोठे साहेब पुढच्या योजनेतल्या तरतुदींवर आले होते, तेवढ्यात सून मांडवाच्या कडेला बायकांत येऊन उभी राहिली आणि हलकेच म्हणाली, "शिजली."

बायकांची अख्खी बाजू उठली आणि घागरी घेऊन नळाकडे गेली. साहेब उरलेल्या पुरुषांपुढे तरतुदी सांगत राहिले. म्हातारीने पदराने डोळे पुसले, मला म्हणाली, चाल जेवाले. मीही उठलो, आणि सरपंचाच्या घरी त्या दिवशी तीनदा वरण मागून घेतलं.