चिनी डॉक्टरांचे दोन अर्ज

चिनी डॉक्टरांच्या खुर्चीत पहिल्यांदा बसणारा माणूस दोनदा दचकायचा. एकदा त्यांचा चेहरा पाहून, आणि दुसऱ्यांदा ते बोलायला लागले की. "काहून भेऊन राहिला गा? दातच काढतो, जीव नाही काढत," असं ते नागपूरच्या अस्सल इतवारीतल्या बोलीत म्हणत, आणि ऐकणारा सावरेपर्यंत दाढ बशीत पडलेली असे.

माझीही तशीच पडली. चीनशी लढाई होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी यवतमाळहून सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून नागपूरला आलो होतो आणि राहायला जागा शोधत होतो. तोंडात कापूस असल्याने मी हे खुणांनीच सांगितलं असणार, पण डॉक्टरांना ते समजलं. दवाखान्याच्या माडीवरची खोली रिकामी होती. त्यांनी घरमालकाकडे शब्द टाकला, आणि पुढची दहा-अकरा वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहिलो.

त्यांचे वडील चीनमधून आधी कलकत्त्याला आले आणि तिथून दात बनवायचं सामान घेऊन गावोगाव फिरत नागपूरला थांबले. डॉक्टर जन्मले ते इतवारीतच; पण त्या जन्माची नोंद कुठल्याही दप्तरात नव्हती, आणि वडिलांच्या कागदावर सगळं कुटुंब चिनी होतं. चीन त्यांनी कधी पाहिला नव्हता. बायको मेई कलकत्त्याची. मोहल्ल्याने पहिल्याच आठवड्यात तिची 'माई' करून टाकली होती. मुलगी लीला मराठी शाळेत जायची आणि पाढे म्हणताना वडिलांसारखीच मान हलवायची.

डॉक्टरांकडे पदवी नव्हती, हात होता. त्यांच्या कवळ्या उमरेडपर्यंतच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात होत्या. कवळी बसवली की ते डब्यातले मूठभर फुटाणे रोग्यापुढे ठेवत. ते समोर बसून खाऊन दाखवल्याशिवाय कोणालाही सोडत नसत. कोणी घाई केली तर म्हणत, "बस नं बाबा. घरी जाऊन कवळी खिशात ठेवशीन, त्यापेक्षा इथंच खाय."

सोमवारी मात्र दवाखाना उशिरा उघडे. डॉक्टर इस्त्रीचा सदरा घालून परदेशी माणसांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत सही करायला जात. "आज आपली हजेरी हाय," असं रोग्यांना हसत सांगत. जवळच्या कामठीला कोणा रोग्याला पाहायला जायचं तरी परवानगीचा अर्ज लागे. ते अर्ज मी टाइप करून देऊ लागलो. या सगळ्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केलेली मला आठवत नाही.

मग काही वर्षांनी कलकत्त्याहून तार आली. आईवेगळ्या डॉक्टरांना जिने लहानाचं मोठं केलं ती थोरली बहीण गेली होती. मी तासाभरात अर्ज टाइप केला, ते स्वतः घेऊन गेले, आणि बाकावर बसून राहिले. परवानगी चौथ्या दिवशी मिळाली. तोवर तिकडे सगळं उरकलं होतं. डॉक्टर गेलेच नाहीत. तो कागद त्यांनी टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "बाबू, जिथं मयतीले जायाची परवानगी मागा लागते, ते आपलं घर कसं म्हणावं?"

माईचा भाऊ तेव्हा कॅनडात स्थिरावला होता. इकडे या, असं तो दर पत्रात लिहायचा आणि माईचीही इच्छा होती. तोवर डॉक्टरच ते हसण्यावारी नेत होते. त्या आठवड्यात त्यांनी होकार दिला. देश सोडण्याच्या परवानगीचा अर्ज मी टाइप केला. मला तो नीट जमेना, दोनदा कागद बदलावा लागला.

मंजुरी यायला आठ महिने लागले. ती आल्यावर डॉक्टरांनी जाहीर केलं की घेतलेलं काम पुरं करूनच निघणार. इथेच त्यांचं गणित चुकलं. ज्यांच्या कवळ्या वर्षानुवर्षं नीट चालल्या होत्या, त्यांच्या एकाएकी टोचायला लागल्या. दर सोमवारी सहीचं रजिस्टर पुढे सरकवणारा हवालदार आपल्या आईला घेऊन आला आणि म्हणाला की तिचे उरलेले चारही दात काढून टाका, पण पुरी कवळी तुमच्याच हातची हवी. डॉक्टर प्रत्येकाला बसवून घेत आणि माई आत सामान बांधत राही.

एका रविवारी दुपारी माईने मला जेवायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर ती रजया घडी करून ट्रंकेत भरत होती; डॉक्टर आणि मी शेजारीच बसलो होतो. लीला तेव्हा दहावीत होती. ट्रंकेच्या काठावर बसून तिने विचारलं, "आई, तिथं कोणी मले विचारलं, तू कुठची, तं काय सांगू?"

"नागपूरची सांग," माई सहज म्हणाली.

बोलली आणि तिचे हात थांबले. मग ती डॉक्टरांकडे वळून अगदी हळू म्हणाली, "पोरगी नागपूरची हाय, तं आपण चाललो कुठं?"

डॉक्टर उठून दवाखान्यात गेले आणि बंद दवाखान्यात एकटेच बसून राहिले.

त्या दुपारी सगळं ठरलं असं नाही. पुढचे दोन आठवडे त्या घरात चिनी भाषेत भांडणं झाली. मला शब्द कळत नव्हते, पण आवाज कधी डॉक्टरांचा चढे, कधी माईचा. बहिणीचं दुःख डॉक्टरांच्या मनातून जात नव्हतं. शेवटी एका सकाळी ते माडीवर आले आणि माझ्या मशीनपाशी बसले.

"बाबू, लिही. आमाले जायाचं नाही. पण हेही लिही, का पाहुण्यासारखं राहायचं नाही. राहीन तं इथला म्हणून राहीन."

असा नागरिकत्वाचा अर्ज मी टाइप केला. तो एकदाही चुकला नाही. कचेरीतला साहेब बराच वेळ दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहत बसला, असं हवालदार नंतर सांगत होता. जायची मंजुरी हातात असलेला माणूस थांबायची परवानगी मागत होता. माईच्या भावाने रागावून पत्र लिहिणं सोडलं. ते तिला फार लागलं. पोस्टमन गल्लीत दिसला की ती दारात यायची आणि तो पुढे गेला की आत जायची.

उत्तर यायला काही वर्षं गेली. या काळात डॉक्टर सोमवारच्या सह्या करत राहिले. लीला मॅट्रिक झाली, मग दाताच्या डॉक्टरीच्या कॉलेजात गेली. तिथले शब्द घरी येऊन वडिलांना सांगायची, आणि डॉक्टर म्हणायचे, "हे तं आपण रोजच करतो वं, नाव आज समजलं." नागरिकत्वाचा कागद आला त्या दिवशी त्यांनी दवाखाना बंद ठेवला नाही. आलेल्या प्रत्येक रोग्याला मात्र तो वाचायला लावला.

त्यानंतरच्या निवडणुकीत ते लग्नातला कोट घालून सकाळी साडेसहालाच मतदानाच्या रांगेत उभे होते; त्यांच्यापुढे कोणी नव्हतं, मागे मी आणि माई. बाहेर आल्यावर मी विचारलं, कोणाला दिलं? डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "ते सांगत नसते. गुप्त रायते."

त्याच महिन्यात माझी अमरावतीला बदली झाली. निरोप घ्यायला खाली उतरलो तेव्हा डॉक्टर कवळीचा साचा ओतत होते. दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या प्लास्टरने पांढरे झाले होते. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला तेवढी एक चिंधी घट्ट बांधलेली होती. कापलं का, असं मी विचारलं. त्यांनी हात पुढे केला आणि दातांनी चिंधीची गाठ सोडली. खाली शाईची रेघ होती, आठ दिवसांनंतरही काळीभोर.

"पाण्यानं जाईन म्हून बांधून ठेवली," ते म्हणाले, आणि ती गाठ मला पुन्हा बांधून द्यायला सांगितली.