सलूनमधला आवाज

सलूनमध्ये नंबर लावून बसलो होतो. टीव्हीवर बातमी होती : परदेशातल्या युद्धात एका खासगी कंपनीचे काही बंदूकधारी मारले गेले. एक चॅनेल त्यांना शूरवीर म्हणत होतं, दुसरं भाडोत्री. बाकावरचे दोघे त्यावरून हमरीतुमरीवर आले. मीही तोंड उघडणार होतो. कुठलं चॅनेल खरं, हे आपण घरूनच ठरवून निघतो ना!

खुर्चीत दामूअण्णा होते, गालांवर साबणाचा फेस. फौजेतून निवृत्त झालेला त्यांचा मुलगा त्याच कंपनीत गेलाय. कालपासून त्याचा फोन लागत नाही, हे सलूनवाल्या गणेशला ठाऊक होतं. त्याने घाईघाईने टीव्हीचा आवाज बंद केला.

आरशातूनच अण्णा म्हणाले, "असू दे रे चालू. भांडता भांडता कुणीतरी नावं सांगेल."