घ्या, हुंगा!

समोर आला की नमस्काराच्या आधी तोंड पुढे करून तो लांबलचक "हा" करायचा आणि म्हणायचा, "घ्या मास्तर, हुंगा. कोरा हावो."

अनसिंगातल्या आमच्या आळीतून कॉलेजात गेलेला हा पहिलाच. अमरावतीच्या बोर्डिंगातून त्याला दारूपायी घरी धाडलं. बापाने त्याला मारुतीच्या पायावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली आणि रोज दिवेलागणीला ओसरीवर त्याचं तोंड हुंगू लागला. बघता बघता गावानेच ते काम अंगावर घेतलं. न्हावी हुंगे, पाटील हुंगे. तुम्ही त्या दिवसांत आमच्याकडे आला असता तर तुम्हालाही त्याने सोडलं नसतं. एकदा पुजारीबुवा नाक दाबून मागे सरले, तर हा म्हणतो, "कांदा हाये महाराज, भेऊ नका!" आळी पोट धरून हसली. तोही हसला, पण सगळ्यांच्या आधी थांबला.

मी गावचा शाळामास्तर, म्हणून मन मोकळं करायला त्याला मीच. एका दुपारी शाळेच्या पायरीवर बसून म्हणाला, "पेलो का डोस्कं चूप बसे, मास्तर. आता दिवसभर बोलून राह्यलं."

"काय बोलते?"

"तू कायले जगतं, म्हन्ते. निस्तं तेवढंच."

त्याच संध्याकाळी त्याच्या बापाला गाठलं. म्हटलं, "दादा, पोराले झोप नाही, जेवन नाही. अकोल्याच्या डाक्टरले दाखवा."

"कायले? तोंडाले वास येते का?" बाप म्हणाला. "शपथ मोडली नाही माह्या पोरानं. आता लगन लावून देतो, झालं!"

माणूस वाईट नव्हता. पोराचा त्याला खरोखर अभिमान वाटत होता.

पुढे पुढे तो "हा" करी, पण "हुंगा" म्हणेना. तोंड उघडून नुसता उभा राही. मला त्याची भीती वाटू लागली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, अर्धं गाव प्यायलेलं असतं. त्या दिवशी त्याला मळ्यातल्या विहिरीतून काढून ओसरीवर आणून निजवलं. "पेला असन," माणसं कुजबुजली.

बाप खाली वाकला. पोराच्या ओल्या तोंडाशी नाक नेऊन त्याने बराच वेळ हुंगलं. मग मान वर करून आम्हा सगळ्यांना म्हणाला, "नाही पेला. या, हुंगा."