झालं आणि झालं की

बुद्धप्रियाला एक खोड आहे. समोरच्याने एखादा शब्द वापरला, की त्याला नेमकं काय म्हणायचंय ते खोदून विचारल्याशिवाय तिला चैन पडत नाही. लहानपणी यापायी तिने धपाटे खाल्ले. आता होटगी रस्त्यावरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ती याच खोडीवर पगार घेते.

कंपनीत तीन टीम, तिन्हींच्या तीन तऱ्हा. मालक शिवराज सरांनी फर्मान काढलं, सगळ्यांनी एकाच अजाईल पद्धतीने चालायचं. म्हणजे कामाचे लहान तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचं एक कार्ड, आणि काम पुढे जाईल तसं ते कार्ड बोर्डावर एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवायचं. कुठले रकाने, कार्ड कधी सरकवायचं, हे ठरवून देणारं टेम्प्लेट, म्हणजे सगळ्यांसाठी एकच साचा, बुद्धप्रियाने करायचं.

"सोमवारपर्यंत जमव," सर म्हणाले. " नाहीतर पुण्याच्या भागीदारांचं तयार टेम्प्लेट आणतो."

ते तिने पाहिलं होतं. रकानेच रकाने! काम करायचं कधी, नुसती कार्डंच सरकवत बसायचं. एकदा ते बोकांडी बसलं, की उतरणार नाही.

तिने सुटसुटीत चार रकाने केले: करायचंय, चालू आहे, तपासायचंय, झालं. लगेच मोहोळहून जोतीरामांचा फोन. मोटरपंपांचे दुकानदार, कंपनीचे गिऱ्हाईक. त्यांच्या बिलं काढायच्या प्रोग्रॅमचं कार्ड 'झालं'मध्ये जाऊन बसलेलं.

"ताई, तुमचं झालं आसंल, माजं बिल निघंना की!"

ती तडक नवनाथकडे गेली. काम त्याचं.

"नवनाथ, बिलाचं झालं का?"

"झालं की."

"मग जोतीरामांकडे का निघत नाही?"

"त्यांच्या कंप्युटरवर चढवायचं राहिलंय फक्त. माझ्याकडं पळतंय की, मॅडम."

दुसरी कुणी चिडली असती. हिला कुतूहल. माणूस खोटं तर बोलत नाही, आणि काम तर झालेलं नाही. मग हे 'झालं की' आहे तरी काय?

घरी पोचली ती तोच विचार घेऊन.

"आई, जेवण झालं का?"

"झालं की," वच्छलाबाई गॅसपाशी पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"भाकरी कुठंय?"

"थापायच्या हायत तेवढ्या."

"मग झालं कशाला म्हणतेस?"

"तुज्या जिवाला बरं वाटावं म्हणून! हात धू जा."

बुद्धप्रिया हात न धुता तशीच उभी राहिली.

सोमवारी बोर्डावर पाचवा रकाना होता. 'झालं'च्या अलीकडे, 'झालं की'. सगळे खो खो हसले.

"करणाऱ्याला झालं असं वाटलं, की कार्ड इथं," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाने स्वतः वापरून बघितलं, की पुढे. आणि ते शेवटचं सरकवणं करणाऱ्याने करायचं नाही."

"म्हणजे माझी अब्रू रोज बोर्डावर टांगायची," नवनाथ कुरकुरला. पण बिलाचं कार्ड त्यानेच एक घर मागे ओढलं.

शिवराज सर हसले नव्हते. "पुण्याच्या लोकांना काय सांगू?"

"विचारा, त्यांच्याकडे याला काय म्हणतात. असा रकाना तिकडे नसेलच असं नाही."

"बरं. मग तुझं टेम्प्लेट झालं का?"

"झालं की," तिच्या तोंडून गेलं, आणि तिने जीभ चावली.

आता मात्र सरही हसले. बुद्धप्रियाने मुकाट्याने स्वतःचं कार्ड 'झालं की'च्या रकान्यात टाकलं.

"राहू दे तिथंच," सर म्हणाले. "तिन्ही टीम वापरून बघू देत. पुढे मी सरकवतो." आणि पुण्याला लावायला काढलेला फोन त्यांनी खिशात ठेवला.