अप्पांच्या बरणीतलं बिननावाचं पोवळं

मंडळी, आज मन कशातच लागत नाही.

आमचे अप्पा इथे तंजावरात प्राणिशास्त्र शिकवायचे. खोल समुद्रातलं एक मऊ पोवळं त्यांनी कोळ्यांकडून आणून फॉर्मॅलिनमध्ये ठेवलं होतं. बरणीवर तमिळ अक्षरांत आमचं मराठी लिहिलेलं: "नाव नंतर." दर पोंगलला ते ताजं फॉर्मॅलिन भरायचे.

अप्पा गेले. मऊ पोवळ्याची जात त्याच्या अंगातल्या चुन्याच्या बारीक कण्यांवरून ओळखतात. आज मी एका तुकड्याचं मांस ब्लीचमध्ये विरघळवून खाली उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. एकही कणी नव्हती. फॉर्मॅलिनमधल्या आम्लानं सगळ्या खाल्ल्या. अल्कोहोलमध्ये ठेवलं असतं तर राहिल्या असत्या.

अम्मा दोनदा विचारून गेली, "सापडलं का गे नाव?"

अप्पांनीच जपता जपता ते पुसून टाकलं, हे तिला कसं सांगू?